नेमूअण्णा, चाक तुमचं चुकलं नव्हतं

नेमूअण्णा,

मिरजेत माझी भाकरी टिकली ती तुमच्यामुळं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण मी बोलायला लागलो की फाटे फुटत जातात आणि मुद्द्याचं राहतं. तुम्ही म्हणायचा, "ज्ञानू, तुझं बोलणं म्हंजे सैल स्पोक. वाजतंय लय, ओढत काय न्हाई." म्हणून आधी तुमचं नाव. काय झालं ते मागनं.

तुम्ही गेलात तेव्हा मी महाबळेश्वराहून उतरत होतो. मला कळलं पाच दिवसांनी. पुढचं चाक फिरताना डोलत होतं, जरा आउट आली होती, ती दाखवायला म्हणून सांगलीत शिरल्या शिरल्या सरळ तुमच्याकडं आलो, तर सायकलीच्या दुकानाच्या फळ्या लावलेल्या. शेजारच्या शिंप्यानं मला बघितलं आणि मशीन थांबवून तो उभा राहिला. तेवढ्यानं कळलं. मी सायकल भिंतीला टेकवली आणि पहिला विचार काय आला सांगू? आता ही आउट कोण काढणार? लाज वाटते लिहायला, पण तोच आला. रडू मागनं आलं, मिरजेच्या वाटेवर, आणि तेही असं की उतरून चालत जावं लागलं.

हे पत्र मी कुणाच्या हातात देणार? तरी लिहितोय. तुमच्याशी भांडल्याशिवाय आठवडा काढायची सवय राहिली नाही.

मी तुमच्याकडं पहिल्यांदा आलो तो दिवस आठवा. मी पाटणच्याही वरचा, कोयनेच्या खोऱ्यातला. चौथी पुरी व्हायच्या आत शाळा सुटली. मिरजेला तंबोऱ्याच्या कारखान्यात लाकूड घासायला लागलो आणि सायकल येते म्हणून उस्तादांनी मला तयार तंबोरे गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला घातलं. आगगाडीत हमाल फेकतात, मोटारीच्या टपावर वस्तू उसळते, आणि तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे अंड्यासारखा जपायचा. कॅरेजवर टोपली, टोपलीत जुनी वाकळ, वाकळेत भोपळा आणि दांडी माझ्या पाठीला बांधलेली, असा मी निघायचो. आष्ट्यात पोरं ओरडायची, "आरं, म्हातारीला घिऊन कुटं निघालास?"

त्या रस्त्यांवर दोन भोपळे माझ्या हातून फुटले. एक इस्लामपूरच्या अलीकडं, एक उंब्रजला नाल्यात चाक आपटून. उस्ताद ओरडणारे नव्हते, त्याचीच मला जास्त भीती. ते पान जुळवता जुळवता म्हणाले, "ज्ञानू, तिसरी तक्रार आली की तू आपल्या गावाला. मी रागावणार नाही." गावाला आई आणि दोन धाकट्या बहिणी होत्या, उतारावरची मूठभर नाचणी होती. मी पाठवीन त्यावर चूल पेटायची. म्हणून तुमच्या दारात उभा राहून म्हटलं, "अण्णा, भोपळा फुटणार न्हाई असं चाक द्या."

तुम्ही मान वर केली नाहीत. म्हणालात, "चाकाचं मला इचार. भोपळ्याचं भोपळ्याला."

मग माझी सायकल उलटी करून ठेवलीत, मागचं चाक फिरवलंत, टायर अंगठ्यानं दाबलंत आणि निकाल दिलात. "हे अठ्ठावीस काढ. सव्वीस घाल. वर पावणेदोन इंची जाड टायर."

"सव्वीसचं टायर पाटणला मिळतंय व्हय, अण्णा? अठ्ठावीसचं दर तालुक्याला टांगलेलं असतंय. वाटेत फाटलं तर मी काय करू?"

"म्हंजे गावात मिळतीय म्हणून दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालणार तू?"

"अनवाणी चालण्यापरीस बरी."

शिंपी खो खो हसला. तो माझ्या बाजूनं हसला याचा तुम्हाला राग आला, मला माहीत आहे. तीन दिवस त्याच्याशी बोलला नाहीत.

माझं म्हणणं खोटं नव्हतं, अण्णा. लढाई संपली होती, पण टायर अजून परवान्यावर. अठ्ठावीसचंच मारामारीनं मिळायचं, सव्वीसचं कोण आणणार? आणि मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, हेही खरं. तुम्ही म्हणायचा, उतरत नाही पण बारीक टायरात वारा दगडासारखा भरावा लागतो, मग वाटेतला प्रत्येक खडा थेट वर भोपळ्याला जाऊन सांगतो की मी आलो. लहान चाकाचे स्पोक आखूड, म्हणून ओझ्याला चाक बळकट. जाड टायरात वारा मऊ ठेवता येतो. यावर आपण पंधरा दिवस भांडलो. शेवटी तुम्ही पितळेचा तांब्या आणलात.

तो दिवस मी विसरणार नाही. कॅरेजवर काठोकाठ भरलेला तांब्या बांधायचा, दुकानापासून नदीच्या घाटापर्यंत जाऊन यायचं. एकदा माझ्या सायकलीवर, एकदा तुमच्याकडच्या एका सव्वीसच्या सायकलीवर. तांब्या भरताना तुम्ही बजावलंत, "गाळलेलं पाणी हाय. सांडलंस तर पाप तुझ्या डोसक्यावर." पहिल्या फेरीत पाप बरंच झालं, तांब्या निम्मा उरला. दुसऱ्या फेरीत चार बोटं कमी. तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात. मी हरायला तयार नव्हतो. म्हटलं, "दुसऱ्या येळंला मी सावकाश चालीवली."

"मग सावकाश चालीव की जल्मभर! कोण न्हाई म्हणतंय?"

दारातून अक्कांनी नवऱ्यासकट मला सुनावलं, "दोघं बी येडी. त्या पाण्यात माझी डाळ शिजली असती."

रिमचंही तसंच. महाबळेश्वरला एका साहेबाची सायकल मोडीत निघाली होती, तिचे अल्युमिनमचे रिम मी हिकमतीनं मिळवले. चांदीसारखे चकचकीत, करंगळीवर उचलावेत असे. वाटलं, अण्णा पाठ थोपटतील. तुम्ही एक रिम हातात तोललात, नखानं टिचकी मारलीत आणि म्हणालात, "हलका हाय. पापड बी हलकाच असतोय." मग समजावलंत की लोखंडी रिम दगडावर बसला तर वाकतो, आणि वाकलेला कुठल्याही गावचा लोहार लाकडावर ठेवून ठोकून देतो. हा तडकतो, आणि तडकलेल्याला लोहार काय करणार? लष्करी सामानाच्या लिलावातून आलेले दोन काळे रिम तुम्ही माळ्यावरून काढलेत. जाड, कुरूप, सव्वीसचे. पुढं बत्तीस स्पोक, मागं चाळीस. मी म्हटलं, "अण्णा, बैलगाडीच्या चाकाची धाव वाटतीया." तुम्ही म्हणालात, "बैलगाडीत कवा भोपळा फुटलेला ऐकलास?"

आता मला ते लिहायचं आहे जे मी दोन वर्षं तुम्हाला सांगितलं नाही.

साताऱ्याच्या एका गायनमास्तरांचा तंबोरा तयार होता. त्यांच्या घरी शिष्यांचा जलसा होता, त्याच्या आधी तो पोचायलाच हवा होता. पुढचं चाक तुम्ही पुरं केलंत. मागच्या चाकात चाळीस स्पोक घालून झाले होते, ताणणं आणि मधोमध आणणं राहिलं होतं, आणि दिवस मावळायला आला. तुमचं जैनाचं जेवण उजेडी उरकतं हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं. पण दुकानात दिवासुद्धा लावायचा नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. दिव्यावर किडे येतात आणि जळून मरतात. तुम्ही हात धुतलेत.

"उद्या उजाडलं की दोन तासांचं काम हाय."

"उद्या दोन तास थांबलो तर मी येळंत पोचत न्हाई, अण्णा."

"मग नगं पोचूस. चाकाबिगर कसा पोचणार हाईस?"

तुम्ही आत गेलात. मी चाक उचललं. तुम्ही दारात आलात, हातात पाण्याचा तांब्या होता. थांबवलं नाहीत. एवढंच म्हणालात, "ज्ञानू, पुरं न्हाई ते."

मिरजेला खोलीवर येऊन कंदील लावला. रिम सरळ फिरतोय का ते त्या उजेडात कळेना, रिमपेक्षा सावलीच जास्त डोलायची. पण माझ्यापाशी कान होता. दिवसभर तंबोऱ्याच्या तारा ऐकणारा माणूस मी. म्हटलं, डोळ्याला नाही दिसत तर कानानं करू. एकेक स्पोक नखानं छेडला, चावीनं चढवला, उतरवला, आणि चाळीसच्या चाळीस स्पोक एका सुरात आणले. सांगतो अण्णा, असं सुरेल चाक जिल्ह्यात कुणी बांधलं नसेल. मी इतका खूश झालो की त्या सुरावर थोडं गुणगुणलोसुद्धा.

मागच्या चाकाला एका अंगाला फ्रीव्हील असतं. रिम मधोमध राहायचा तर त्या अंगाचे स्पोक जास्त ताणावे लागतात, दुसऱ्या अंगाचे कमी. म्हणजे चाकाला दोन सूर असतात, आणि असायलाच पाहिजेत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारा माणूस उजाडायची वाट बघत झोपला होता.

आष्ट्याला रिम डावीकडं ब्रेकला घासायला लागला. इस्लामपूरला मी डाव्या अंगाचे स्पोक सैल केले. घासणं थांबलं, मी स्वतःवर खूश. कासेगाव मागं पडलं आणि खाड्कन आवाज झाला. चाकाचा आठ झाला होता. तंबोरा पाठीला बांधून, सायकलीचं मागचं अंग खोगीर धरून उचलत मी कराडला पोचलो. तिथं चाक ठोकून घेण्यात दिवस गेला, पुढं ते दोनदा बसलं. साताऱ्याला पोचलो तेव्हा भोपळा धड होता, पण जलसा होऊन दोन दिवस झाले होते. मास्तरांनी तंबोरा ठेवून घेतला आणि उस्तादांना पत्र टाकलं.

तिसरी तक्रार. परतीच्या सगळ्या वाटेवर मला आईचा चेहरा दिसत होता. तुमच्या दुकानी आलो तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसलेली, शिंपी होताच. त्या सगळ्यांच्या देखत मी ओरडलो, "बघा तुमचं सव्वीस! कासेगावच्या म्होरं बसलं!"

तुम्ही चाक मांडीवर घेतलंत. उजव्या अंगाचा एक स्पोक छेडलात, मग आणखी दोन. डावीकडचेही छेडलेत. माझ्याकडं बघितलंत. मी माझ्या पायाकडं बघत होतो.

"बरं," तुम्ही म्हणालात. "ठिवून जा. उद्या ने."

मला वाटलं, खरं वाटलं यांना.

चार दिवसांनी उस्ताद स्वतः मला घेऊन सांगलीला आले. मी दाराबाहेर सायकल धरून उभा. त्यांनी विचारलं, "नेमू, खरं सांग. पोराचं चुकलं की चाकाचं?" तुम्ही हातातली चावी खाली ठेवलीत. "ते चाक माझ्या दुकानातनं पुरं न होता भाईर गेलं. मी जाऊ द्यायला नगं हुतं. चूक माझी हाय."

उस्ताद उठले. बाहेर येऊन म्हणाले, "चल ज्ञानू, कामावर." मी सुटलो. तुमचं काय झालं ते मी बघत राहिलो. कारखान्याच्या दोन सायकली आणि हातगाडी दुसऱ्या दुकानात जायला लागल्या. मिरजेत म्हणच पडली. कुणी नवं चाक घेतलं की विचारायचे, "कुणाचं? नेमूचं? मग कराडापतुर जाईल." एकदा मी चहाच्या दुकानात बसलो असताना कुणीतरी ते म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो, अण्णा.

तुम्ही दुसऱ्यांदा बांधून दिलेलं चाक आजही माझ्या सायकलीला आहे. त्यानंतर एकही भोपळा फुटला नाही. सव्वीसचं चाक घातल्यानं पॅडल खाली आलं, पसरणीच्या घाटात वळणाला रस्त्याला घासायचं. तुम्ही सांगितलंत, "वळणाला पाय थांबीव, एवढं बी जमंना व्हय?" ते जमलं. टायरचं मात्र माझंच खरं ठरलं. पाटणच्या अलीकडं टायर फाटलं, सव्वीसचं कुठं मिळेना. मी त्यात भाताचा पेंढा कोंबून कराडपर्यंत आलो. तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही हसता हसता भिंतीला टेकलात. "आरं, मग बैलच जुपायचा न्हाई का म्होरं!" डोळे पुसत तुम्ही माझ्यासाठी कुठूनतरी एक जादा टायर मिळवलंत आणि ते सायकलीच्या दांडीला गुंडाळून बांधायला शिकवलंत. पण हरलो असं म्हणाला नाहीत.

मागच्या खेपेला पाटणच्या बाजारात एका दुकानात सव्वीसचं टायर टांगलेलं दिसलं. नवं कोरं. मी सायकलीवरून उतरून त्याला हात लावून बघितला. म्हटलं, आता अण्णा डोक्यावर बसणार. सातारा, महाबळेश्वर, सगळी वाट मी ते सांगायचं कसं ते ठरवत होतो. आधी जरा चिडवायचं, मग सांगायचं. ते तसंच राहिलं. तुम्ही जिंकलात हे तुम्हाला कळलंच नाही.

खरं सांगायचं तर ते दुसरंही, चाक मीच ताणलं हे, सांगायचं मी कितीदा ठरवून यायचो. एकदा तर तोंड उघडलंही. "अण्णा, त्या चाकाचं..." तुम्ही डोळा रिमवरून न हलवता विचारलंत, "कुठल्या? म्होरल्या?" मी म्हटलं, "व्हय, म्होरल्या." तुम्ही पुढचं चाक काढून घेतलंत आणि अर्धा तास तपासलंत. त्यात काही नव्हतं.

परवा अक्कांना भेटायला आलो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मग मी म्हणालो, "अक्का, ते कासेगावचं चाक. अण्णांचं चुकलं न्हवतं."

अक्का म्हणाल्या, "मला ठावं हाय की."

"कसं?"

"त्याच दिशी सांगत आलं घरात. जेवायला बसलं आणि हसायलाच लागलं. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, त्या पोरानं चाकाचा तंबोरा केलाय. दोन्ही अंगं एका सुरात. आसलं चाक मी जल्मात बघितलं न्हाई."

मी विचारलं, "मग उस्तादांना का न्हाई सांगितलं?"

"म्हणाले, खोटं मला बोलायचं न्हाई आणि त्याचं पोट बी मारायचं न्हाई. दोन दिस धड जेवलं न्हाईत, काय बोलायचं ते जुळवत हुते. मग सापडलं त्यांना." अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून थोडं हसल्या. "आणि म्हणाले, पोराचा कान लय चांगला हाय गं. शिकवायला पायजे."

अण्णा, तुम्ही मला शिकवलंत. त्याच महिन्यात आपणहून म्हणालात, बस इथं, मागच्या चाकाचे दोन सूर ऐक. मला वाटलं होतं, सहजच शिकवताय.

परवापासून मी एकच करतोय. तुमच्यासारखं एखादं वाक्य जुळवतोय, जे खरंही असेल आणि ज्यानं माझी जागाही जाणार नाही. 'त्या वेळी घाई झाली' असं बघितलं. 'चाकाला बऱ्याच जणांचे हात लागले' असंही बघितलं. सगळी खरी आहेत आणि एकही तुमच्या कामाचं नाही. तुमचं नाव धुऊन निघेल असं एकच वाक्य आहे, आणि ते मला वाचवत नाही. ते वाक्य म्हणजे, 'उस्ताद, ते चाक अण्णांनी नाही, मी ताणलं, आणि मग खोटं बोललो.'

मला भीती वाटते, अण्णा. धाकटीचं लग्न ठरायचंय. उस्ताद रागावणार नाहीत, मला गावाला पाठवतील, आणि गावाला काय आहे ते तुम्हाला सांगितलंच आहे. पावसाळ्याआधीची साताऱ्याची खेप होऊ दे, मग सांगेन, असं आत्ता लिहिलं होतं. ते खोडलं. खेप झाली की दुसरी खेप असते.

तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याची फेड तुमच्या हातात ठेवायची वेळ गेली. पण एक दिवस मी कारखान्यात उभा राहीन, सगळे कारागीर हातातलं काम थांबवून ऐकत असतील, आणि ते वाक्य जसंच्या तसं बोलेन. आधी अक्कांकडं धीर मागायला येणार नाही. बोलून झालं की येईन, आणि त्यांना एवढंच सांगेन की सांगून आलो.

तुमचा,
ज्ञानू